बॅटरीच्या सायकलीचं तेल

खुटबाव, ता. दौंड
१२ मे २०२६

श्री. जालिंदर यांस,

शेवंताबाईचा आशीर्वाद. आम्ही इकडं ठीक हाय. राजश्री आन् माझी नात समृद्धी बऱ्या असतील. ऊन लई हाय, झेंडू दुपारपर्यंत मान टाकतो.

फोन केला असता, पण तुम्ही ‘असू द्या मामी’ म्हणता आन् माझं बोलणं तिथंच मरतं. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लागलं न्हाई तर राजीकडून वाचून घ्या. तिनंही ऐकलेलं बरं.

आधी सायकलीचं सांगते. झकास चालते. काल फुलांच्या दोन गोण्या घेऊन वरवंडच्या बाजाराला गेले. कालव्याचा चढ चढून वर थांबले आन् चाकाच्या मधल्या मोटरीला हात लावला. मागं चटका बसायचा, काल हात ठेवून दम खाल्ला. तुम्ही बसवलेले पोलादी गिअर जरा घरघरतात, पण घरघरू द्या. आधीच्या नायलॉनच्या गिअरचे दात झिजून पीठ झालं होतं. आता माझे दात पडले, त्यांचे शाबूत हायत.

वरवंडचा दुकानदार म्हणाला होता, मोटर फेका, नवी घ्या. राजीनं धाडलं म्हणून तुम्ही शिरूरहून आलात, अंगणात चाक उघडलं आन् दोन तासांत गिअर बदलले. मग इंजेक्शनच्या सुईनं मोजून पातळ तेल आत सोडलं. मी म्हणाले, “मोटर हाय का भजी तळायची?” तुम्ही हसून म्हणालात, “मामी, चढाला मोटर आतून तापते. तेल ती ऊब बाहेरच्या लोखंडाला देतं, तिथं वारा लागतो. पण जास्ती न्हाई घालायचं.”

तवा मी चहासुद्धा विचारला न्हाई. उन्हात बसला होता तुम्ही.

आता जे लिहायचं ते लिहिते.

तुम्ही गेल्यावर माझ्या मनात आलं, हा शिरूरचा मोटरींच्या तारा गुंडाळणारा वायंडिंगवाला, तेलातसुद्धा हात आखडतो. सासूच्या मोटरीला सुईभर तेल! आमच्यात कमी तेल घालणं म्हंजी पाव्हण्याचा अपमान. तुम्ही स्क्रू कुठला फिरवला ते मी पाहिलं होतं. तोच काढला आन् स्वयंपाकाच्या डब्यातलं शेंगदाण्याचं तेल वाटीभर ओतलं. व्हय, मीच. दुसऱ्या कुणी न्हाई.

चौथ्या दिवशी ते तेल पाझरून ब्रेकच्या चकतीवर आलं. कालव्याच्या उतारावर ब्रेक दाबला तर लोण्यावर दाबल्यासारखा. मी पाटाच्या चारीत, झेंडू पाण्यात. गुडघा फुटला त्याचं काही न्हाई. पण तशीच लंगडत बाजारात गेले आन् दहा माणसांत ओरडले, “पळवून नेऊन लगीन केलं तेवढ्यानं भागलं न्हाई, आता सासूला मारायची मोटर बसवली जावयानं!”

तिथं बिरदेव उभा होता. फुलवाल्यांच्या आन् दूधवाल्यांच्या पंचवीस सायकलींना असेच गिअर आन् तेल करून द्यायचं काम तो तुम्हाला देणार होता. ते मला ठाऊक होतं. राजीनं फोनवर सांगितलं होतं, या कामावर स्वतःचा गाळा टाकायचा म्हणून.

तुम्ही परत आलात. बिरदेवही मागोमाग आला, खात्री करायला. तुम्ही मोटर उघडली आन् अंगणभर शेंगदाण्याचा वास सुटला. तुम्ही बोटाला लावून हुंगलं. माझ्याकडं पाहिलं. मी फुलं निवडत बसले. बिरदेवाला वास कळला न्हाई, त्याच्या नाकात तपकीर. त्यानं विचारलं, “काय झालं हो?” तुम्ही म्हणालात, “सील माझ्याकडून नीट बसलं न्हाई. चूक माझी.”

तो तसाच निघून गेला. काम गेलं. तुम्ही चाक धुतलं, ब्रेक बदलला, नवं सील बसवलं, मोजून तेल घातलं आन् मला म्हणालात, “मामी, गुडघ्याला हळद लावा.”

मी फुलांची पाटी उचलून आत गेले.

सात वर्षं मी तुम्हाला दारात ओळख दिली न्हाई. दोन धोंड्याचे महिने आले आन् गेले. गावातल्या जावयांना धोंडे, अनारसे, नवी कापडं. राजी माझी एकुलती एक, पण मी पुरण शिजवलं न्हाई. जावई न्हाईच म्हणून सांगायचे. असल्या माझ्यासारख्या बाईची अब्रू तुम्ही राखलीत, आन् तीही स्वतःचं पोट कापून.

काल बाजारात बिरदेवाला गाठलं. त्याच दहा माणसांत सांगितलं, तेल मी ओतलं, पोराचा हात साफ हाय. लोक हसले. एकजण म्हणाला, “म्हातारे, मोटरीला फोडणी दिली का गं?” म्हटलं, दिली, तुझ्या तोंडालाही देते. बिरदेव म्हणाला, “तपकिरीनं घात केला.” आधी पाच सायकली देतो, मग बाकीच्या, असं बोललाय. न आल्या तर कळवा, मी हाय.

रविवारपासून धोंडा लागतो. पुढच्या बुधवारी तिघं या. तेहतीस अनारशांचे तांदूळ मी आजच भिजत घातलेत, आता माघार न्हाई. उंबऱ्यावर पाय मी स्वतः धुणार. ‘असू द्या मामी’ म्हणायचं न्हाई. पाय पुढं करायचे.

तुमची सासू,
शेवंताबाई