पाइनखालच्या तीन खाटा

शनिवार, ६ ऑगस्ट १९८८

पोचलो बाई एकदाचे. आयव्ही, तुझ्या कंबरेच्या हाडाने ऐनवेळी दगा दिला, म्हणून तू घरी राहिलीस आणि ही वही माझ्या पिशवीत कोंबलीस. शेजारीण म्हणून तुझा एवढा हुकूम मानते आणि रोज लिहिते. अक्षराला नावं ठेवू नकोस. शाळा सोडून गिरणीत गेले तेव्हापासून वाण्याच्या यादीपलीकडे मी काही खरडलेलं नाही.

विमान म्हणजे आपली बाजाराची बसच, फक्त खिडकीबाहेर ढग. जावईबापू क्लिफ डोळे मिटून बसला होता. झोपलोय म्हणे. झोपलेला माणूस खुर्चीचे हात असे आवळत नाही. नातीने, जेमाने, ‘आजी समुद्र कुठाय, आजी समुद्र कुठाय’ करून डोकं उठवलं. सात वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे प्रत्येक समुद्राबरोबर माझ्या तोंडावर थुंकी.

मायोर्का, हे स्पेनचं बेट, म्हणजे ऊन. सांडून वाया जाईल इतकं ऊन. हॉटेल पांढरंधोप, समुद्राला चिकटून. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मधे दार. एकीत डोरीन आणि क्लिफ, दुसरीत मी आणि जेमा. चादरी स्वच्छ आहेत. कोपरे उचलून पाहिले. जेवणघरात खिडकीजवळचं टेबल आमचं, चार खुर्च्या, आठवडाभर तेच. वाढायला तोलो म्हणून एकजण आहे, आपल्याच वयाचा, पाय फेंगडे, हसला की सोन्याचा दात चमकतो. त्याने चहाबरोबर दूध गरम करून आणलं. मी म्हटलं, हे काय, चहात गार दूध घालतात, इथे कोण आजारी आहे? पण त्याचं तोंड इतकं पडलं की मुकाट्याने प्यायले.

सहल कंपनीची एक पोरगी आहे, मिशेल. निळा कोट, ओठांवर लालीचा थर, सगळ्यांना ‘लाडक्यांनो’ म्हणते. पुढच्या शनिवारी दुपारी बस दाराशी येईल, तोवर काळजी करायला बंदी, असं तिने बजावलं.

आणि आयव्ही, डोरीन हसली. क्लिफची खाण बंद झाल्यापासून लेकीला हसताना पाहिलं नव्हतं. एवढ्यासाठीच आले मी. बाकी मला ऊन कशाला हवंय, मी काय वाळवण आहे?

रविवार, ७ ऑगस्ट

आज खाटांची भानगड कळली. हॉटेलच्या पोहायच्या तलावाकाठी उन्हात पसरायला प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या खाटा ठेवल्यात. न्याहारी करून खाली गेलो, तर प्रत्येक खाटेवर टॉवेल आणि माणूस एकही नाही. लोक उजाडताच उठतात, टॉवेल टाकतात आणि परत वर जाऊन घोरतात. टॉवेल पडला की खाट त्याची. मग तो दिवसभर फिरकला नाही तरी त्याचीच. दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या पर्समध्ये हात घालणं.

क्लिफ म्हणाला, हे जर्मन लोक कोंबड्यालासुद्धा उठवत असतील. शेजारी ब्रॅडफर्डचा एक लठ्ठ माणूस होता, तो म्हणाला, जर्मन कसले मित्रा, तो निळा टॉवेल माझाच आहे.

आम्ही फरशीवर बसलो. डोरीनच्या मांड्या भाजल्या, क्लिफ कुरकुरला, दोघांचं वाजलं. सुट्टीचा दुसराच दिवस, आणि हिचं तोंड पुन्हा घरच्यासारखं. मी म्हटलं, उद्या मी बघते.

पार टोकाला, समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी, एका पाइनच्या झाडाखाली तीन खाटा आहेत. वर तीन पांढरे टॉवेल, दोन मोठे, एक लहान. सगळ्यात मोक्याची जागा, सावलीही आणि वाराही. दिवसभर तिथे कुत्रंही आलं नाही. माझी नजर होती.

सोमवार, ८ ऑगस्ट

गिरणीचा भोंगा अजून माझ्या हाडांत वाजतो. उजाडायला खाली होते, तरी सगळ्या खाटा गेलेल्या. पाइनखाली तेच तीन पांढरे. हात लावून पाहिला. पापडासारखा कडक, मिठाने चरचरीत. लहान टॉवेलखाली पोराची रबरी चप्पल होती, एकच; बोट लावताच तिचा तुकडा पडला. हे काही काल टाकलेले टॉवेल नव्हेत. टाकून विसरून गेलेल्या लोकांचे.

तोलो टेबलं पुसत होता, तो फडकं टाकून धावत आला. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, ते नाही बाई, ते नाही, तिथे माणसं आहेत. मी म्हटलं, कुठेत? तो म्हणाला, आहेत. मी म्हटलं, मग येत का नाहीत? तर समुद्राकडे न बघता म्हणाला, कुणी उचललं तर येतील. याला कुणीतरी राखणीला ठेवलंय, असं मी धरलं. म्हटलं, तू तुझं दूध तापव जा.

तिन्ही उचलले, घड्या घालून भिंतीवर ठेवले आणि आमचे टाकले. डोरीनचा नारिंगी, क्लिफचा फुटबॉलच्या क्लबचा, जेमाचा पिवळा, शाळेसाठी मी नावाची पट्टी शिवलेला. तीनच. मी काही लोळणारी बाई नव्हे. शेजारी खुर्ची ओढून विणत बसले.

दिवस सोन्यासारखा गेला. ब्रॅडफर्डवाला जाता जाता म्हणाला, काय काकू, लोकांचे टॉवेल उचललेत? आमच्यात असं करत नाहीत. मी म्हटलं, तुमच्यात पोट आत ओढून चालायचीही पद्धत दिसत नाही. डोरीन खाटेवर पडून खिदळत होती.

संध्याकाळी भिंतीवरच्या घड्या नव्हत्या. ज्यांच्या होत्या ते घेऊन गेले. भांडायलाही आले नाहीत. सभ्य माणसं.

मंगळवार, ९ ऑगस्ट

आज आमची माणसं खाटांवरून उठेनात. न्याहारी झाल्याबरोबर जाऊन पडली ती पडलीच. क्लिफ कधी एका जागी टिकत नाही, चर्चमध्येही त्याचा गुडघा हलत असतो. तो ओंडक्यासारखा पडलेला. जेमा पाण्यात गेलीच नाही. जेवायला चला म्हटलं तर डोरीन डोळे न उघडता म्हणाली, पाच मिनिटं आई. जेमाही म्हणाली, पाच मिनिटं आजी. म्हटलं, पडा, दमलेत जीव.

एकटीच वर गेले, तर आमच्या टेबलावर तिघं बसलेले. पुरुष, बाई, लहान मुलगी. अंगाला उन्हाचा डाग नाही, केस कपाळाला चिकटलेले, कानांमागे पांढरी पूड. पाणी पीत होते. पाण्याचा एक जग संपवायचे आणि पुढचा मागायचे. मी म्हटलं, चुकून बसलात, हे टेबल आमचं. ती बाई हसली आणि चौथी खुर्ची ओढून म्हणाली, बस ना आई.

तोलोने चौथा जग ठेवला तेव्हा अर्धं पाणी टेबलावर सांडलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

डोक्यात ऊन गेलेली माणसं असतील. मी दुसरीकडे बसून जेवले. संध्याकाळी खाली हाका मारून घसा बसला, शेवटी वर येऊन आडवी झाले. डोळा लागता लागता जेमाच्या पलंगावर पांघरूण दिसलं, खाली कुणीतरी होतं. म्हणजे आली तर.

बुधवार, १० ऑगस्ट

ती जेमा नव्हती.

सकाळी पांघरूण काढलं तर कालची ती मुलगी. जेमाचा झगा घालून. तोंडात सगळे दात. उठून बसली आणि म्हणाली, आजी, बस कधी येणार?

मधल्या दारातून पाहिलं. ते दोघं डोरीन-क्लिफच्या पलंगावर.

धावत खाली गेले. माझी तिघं खाटांवरच, अंगावर दव. गालांवर थापट्या मारल्या. ऊब आहे, श्वास आहे, तोंडावर हसू आहे. पाच मिनिटं आई. जेमाच्या काखांत हात घालून ओढली, आयव्ही. सात वर्षांची काडीपोर, तिला मी अजून कडेवर घेते. हलली नाही. टॉवेल ओढला, तो खाटेला खिळे ठोकल्यासारखा.

मिशेलला हाताला धरून आणलं. तिला रिकाम्या खाटा दिसल्या आणि त्यांवर टॉवेल. म्हणाली, लाडक्या आजी, तुमची डोरीन तर आत्ताच मला जेवणघरात भेटली, तुम्ही टोपी घालत जा बघू. आणि लालीभरल्या तोंडाने हसली.

गुरुवार, ११ ऑगस्ट

त्या बाईशी बोलले. नाव विचारलं नाही. नाव कळलं की माणूस होईल ती माझ्यासाठी, ते नको.

डोरीनच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुम्ही उचललंत, फार उपकार झाले. आम्हीही असेच कुणाचे तरी उचलून आडवे झालो होतो. एकदा पडलं की आपल्याने उठवत नाही. घरच्याने उचलून उपयोग नाही. परक्याने टॉवेल उचलावा, आपला टाकावा आणि त्यावर पडावं, तरच सुटका. मी विचारलं, किती दिवस झाले पडून? तर म्हणाली, गावात ट्राम अजून वरच्या रस्त्याने जाते का हो?

आपल्याकडची बोली, आयव्ही. आणि आपल्याकडची ट्राम बंद झाली तेव्हा डोरीन शाळेत जात होती.

मग स्वतःशीच म्हणाली, लोक फार चांगले असतात हो. कुणी हात लावत नाही.

दिवसभर दारोदार फिरल्यासारखी फिरले. ब्रॅडफर्डवाल्याला म्हटलं, बाबा, घे त्या खाटा, तुला देते. तो म्हणाला, नाही काकू, दुसऱ्याचा टॉवेल मी मेलो तरी उचलणार नाही, माझी तत्त्वं आहेत. हल गावची एक बाई म्हणाली, मला भांडणात अडकवायचा बेत दिसतो तुमचा. जर्मन नवरा-बायकोने माझं सगळं ऐकून घेतलं, मान लववली आणि टॉवेलांना वळसा घालून गेली. सावली हवी म्हणून जीव टाकणारी माणसं, पण रीत मोडायला एक तयार नाही.

रीत मोडणारी या अख्ख्या हॉटेलात एकच होती. मी.

तोलोकडे गेले. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेला.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

क्लिफ दिसत नाही आता. क्लबच्या टॉवेलचा रंग गेला, पांढरा पडला. खाली अंगाचा उंचवटा तेवढा—

डोरीन दुपारी गेली. मी तिचा पाय धरून बसले होते, आणि मग हातात टॉवेलचं टोक होतं. कडक. पापडासारखं.

जेमाचा एक हात बाहेर आहे. धरून बसलेय. बोटांवर मीठ. पिवळा रंग कडेकडेला उरलाय, माझी नावाची पट्टी अजून वाचता येते. ती वाचता येते तोवर—

हाक मारली की अजून म्हणते, पाच मिनिटं. पण तोंड हलत नाही.

ती दुसरी जेवणघरात माझ्या मांडीवर येऊन बसली. ओली, गार. मी ढकलली नाही. तिलाही घरीच जायचंय. पण ती माझी नाही.

शनिवार, १३ ऑगस्ट

त्यांनी माझी पेटी भरली. त्याने ती उचलून खाली नेली. सासूबाई, चला, म्हणतो—क्लिफ म्हणायचा तस्साच, नाक वर करून. शिकलाय.

बसमध्ये बसलेत तिघं. खिडकीतून हात हलवतात. चौथी जागा माझी ठेवलीय. गेले तर घर आहे, तू आहेस, चहा आहे. आणि रोज सकाळी तो गार हात—

नाही गेले. पाइनखाली बसलेय.

हात आत गेला. पट्टीवर ‘जे’ उरलाय फक्त.

नवी माणसं आली आजच्या विमानाने. गोरीपान, अजून न भाजलेली. एक जोडपं आणि मुलगी, खाटा शोधतायत. सगळ्यांवर टॉवेल. नवरा कुरकुरतोय. बायको म्हणतेय, तुझ्याबरोबर कुठे जायची सोय नाही.

यांना रीत ठाऊक नाही अजून.

तोलो लांबून बघतोय. मान हलवतोय, नको, नको.

इकडेच येतायत.

मुलगी जेमाएवढी. दंडांवर पोहायचे लाल फुगे. पुढचे दात—

आयव्ही, मला काही बोलू नकोस. कुणाच्या नावाने, कुणाच्या घरी जाईल ते जाऊ दे. पायांवर उभी राहू दे पोर. एवढंच—

बसचा भोंगा. आजी, आजी, म्हणून ओरडतेय ती खिडकीतली—

बाई समोर उभी आहे. विचारतेय, आजी, इथे कुणी आहे का हो?

पोर माझ्याकडे बघून हसली.

कुणी नाही गं बाळा. कुणी नाही. घे उचलून. आधी तो लहान उच—