बाबांसाठी मयताची घंटा

पनवेल, जुलै १९९९

आज बाबांना माती दिली. कारगिलची लढाई सुरू झाल्यापासून आमच्या चर्चमध्ये मयताची घंटा बंद आहे. गावातली पोरं तिकडे आहेत. घंटा ऐकली की आपलाच गेला की काय म्हणून त्यांच्या आया धावत चर्चशी येतात. कुणी गेलं तर फादर स्वतःच घरोघर सांगत फिरतात. पटतं मला. पण ती घंटा आयुष्यभर बाबांनीच वाजवली. त्यांनाच घंटेविना न्यायचं? सकाळपासून हेच सलत होतं.

चर्चमधून पेटी उचलणार, तेवढ्यात शेजारची पार्वतीमावशी आली. तिचा मुलगा सीमेवर.

"फादर, घंटा वाजवा. मी दोराजवलच उभी रायते, कुनासाठी वाजते ते ठावं असलं मंग भ्या नाय वाटत."

फादर दोर धरायला वळले, तर तो तिनं आधीच ओढला होता.