शेजारची ओली पट्टी

प्रिय धाकटे,

ताईचे आशीर्वाद. माझा नवा गुडघा छान वाकतो, जखम कोरडी आहे. व्यायामासाठी अजून इथे इस्पितळातच ठेवून घेतलंय, एवढंच. भावजींचा खोकला गेला का?

तुझं पत्र वाचून मात्र डोकं फिरलं. दाढ ठणकतेय, पण तुझ्याही गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे जाईल म्हणून डॉक्टरांना सांगणार नाहीस? अक्कल गहाण ठेवलीस का? दाढेतले जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतात.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचाही गुडघाच. पट्टी सारखी ओली व्हायची. तिनं विचारलं, "ताई, नर्सला सांगू का?" मी शहाणी म्हणाले, "थोडं पाझरतंच. कुरकुर करू नये." कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकलो ना आपण! बिचारीनं ऐकलं. मग ताप चढला. जखम उघडून धुतली, तरी शेवटी नवा सांधा काढावा लागला. आता दुसऱ्या वॉर्डात पडून आहे.

खाट रिकामी आहे. तरी पट्टी बदलायच्या वेळी रोज तिचा आवाज येतो, "ताई, सांगू का?" मी मोठ्यानं म्हणते, "सांग गं बाई, आत्ता सांग." नर्सला वाटतं, म्हातारीला भ्रम झालाय.

तू तरी सांग.

तुझीच,
ताई