गोफरवरची तुमची पानं

अहो,

काल तुमच्या नावाने ईमेल आला. सोलापूरकडचे कोणी वाचक आहेत. "तीन महिने झाले, संत्र्याच्या बागेची नवीन नोंद नाही. बरे आहात ना?" त्यांना काय कळवू? आधी तुम्हालाच विचारावंसं वाटलं, म्हणून हे पत्र.

म्हणजे तुमचं खरंच कोणी वाचत होतं!

राउटरशेजारच्या त्या मुठीएवढ्या संगणकाला मी सवत म्हणायची. रविवारी नरखेडहून, भाऊजींच्या बागेतून आलात की त्याच्यापुढे लिहीत बसायचात. "वाचून तं पाह्य वं," म्हणायचात. मी म्हणायची, "ना फोटो, ना रंग, काय वाचू?" गोफर ही इंटरनेटची जुनी, साधी रीत, असं तुम्ही समजावलं होतं. आधी यादी, यादीतलं नाव उघडलं की नुसता मजकूर. मी अर्धंच ऐकलं. उरलेलं आता कोणाला विचारू?

कोण वाचतं ते कळतच नाही, मग लिहिता कशाला, असंही मी टोकलं होतं. तुम्ही हसलात. "पत्र पेटीत टाकलं का पोस्टमनच्या मागं धावते का कोणी?"

आपली मृणाल आली आहे. ती म्हणाली, "आई वं, ते डबडं काहून चालू ठेवलं? मी बाबांची मस्त वेबसाइट करून देते. फोटो टाकू, किती जणांनी पाहिलं तेही दिसेल." मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात तिला तो ईमेल दिसला. मग म्हटलं, बंद करण्याआधी एकदा वाचू तरी.

सकाळीच फोनवर पेपर उघडला होता. आधी परवानग्या मागितल्या, मग साडीची जाहिरात, तिच्या धक्क्याने बातमी खाली पळाली. तुमचं पान मात्र उघडलं आणि गप्प बसलं. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. आंबिया बहाराची फळगळ, विहिरीत किती हात पाणी, भाऊजी कशावरून चिडले, एवढंच. इतक्या थोडक्यात इतकं कसं मावतं हो? दुपारचं जेवण राहून गेलं माझं.

आणि हे काय? "आज सुमनला आणायला हवं होतं." पाच ठिकाणी लिहिलंत! मग आणलं काहून नाही? एकदा तरी म्हणायचं होतं.

आज मीच एक पान लिहिलं. तुम्ही गेलात, हे कळवणारं. चार ओळींना दोन तास लागले. यादीत त्याचं नाव आणि पुढे फाइलचा पत्ता घातला, तर ओळ दिसे पण उघडेना. मृणालने डोकावून पाहिलं. "स्पेस नाही वं आई, मधात टॅब दाब!" दाबलं. उघडलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "राहू दे चालू." वेबसाइटचं नाव पुन्हा काढलं नाही.

तुमच्या नोंदींतला शब्दही मी बदलणार नाही. त्यांच्याखाली माझी वेगळी यादी राहील, माझ्या नावाने. या रविवारी एसटीने नरखेडला जाते आहे. झाडांतलं मला काही कळत नाही, ते तसंच लिहीन. चुकलं तर सोलापूरचे सांगतील.

तुमची,
सुमन