साताऱ्याच्या गल्लीतलं ते हसणं

बाबा, त्या बाई जिवंत आहेत. हे आधी सांगते, कारण कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून ऐकायचा धीर तुम्हाला कधीच नव्हता. साताऱ्याच्या गल्लीत हातगाडीवर शिलाई मशीनला टेकून बसलेल्या, तोंड उघडून हसणाऱ्या त्या बाई. गेल्या शनिवारी मी त्यांच्या हातचा चहा प्यायले, इथे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनात, त्यांच्या नातवाच्या घरी. चहात साखर फार होती. मी सगळा प्यायले.

मला आठवतं ते आपलं स्वयंपाकघर. रविवारी जेवणं झाली की तुम्ही खिडकीला घोंगड्या ठोकता, दाराच्या फटीत आईचं जुनं लुगडं कोंबता आणि लाल दिवा लावता. आई बाहेरून ओरडते, "अहो, माझी परात त्या औषधात घालायची नाही, सांगून ठेवते!" मी ओट्याखाली बसलेली असते, हलायचं नाही या अटीवर. पाण्यातल्या कागदावर हळूहळू माणसं उगवतात. एकाहत्तरची लढाई नुकतीच संपलेली. आठवडाभर तुम्ही लोकांच्या स्टुडिओत लग्नाची जोडपी काढायचात आणि सुटी मिळाली की कॅमेरा घेऊन रस्त्यावर. लढाई संपल्यावर लोक जगतात कसे, ते तुम्हाला हवं होतं. खिडकीच्या काचांवर ब्लॅकआउटसाठी चिकटवलेला काळा कागद उलथन्याने खरवडणारी बाई. रॉकेलच्या रांगेत नुसते डबे उभे आणि माणसं पलीकडे झाडाच्या सावलीत गप्पा मारत बसलेली. कुबड्यांवरचा एक जवान सिनेमाच्या तिकिटाच्या खिडकीशी, दातांत पैसे धरलेला. हे मला त्या वेळी कळत नव्हतं. गेली दोन वर्षं हे सगळे चेहरे मी रोज कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघते, म्हणून कळतं. आईने मागच्या खेपेला तो निगेटिव्हचा पत्र्याचा डबा माझ्या बॅगेत घातला, म्हणाली, "ने बाई, इथे वाळवी लागेल."

मग ते रविवार थांबले. घोंगड्या पलंगावर परत गेल्या. तुम्ही स्वतःची छोटी जागा घेतलीत आणि त्यात फक्त पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो. "सरळ बघा. हनुवटी वर. हसू नका." मी दहा-अकरा वर्षांची असताना मामाने मला साधा डबा-कॅमेरा दिला होता. मी गॅलरीतून खाली भांडीवालीचा फोटो काढला, ती पदर सारखा करत होती. तुम्ही मागून येऊन कॅमेरा हिसकावलात. "विचारलंस का तिला?" एवढंच बोललात, पण असा आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता. कॅमेरा कपाटावर गेला तो गेलाच. मला वाटायचं, माझा बाप रसच नसलेला माणूस आहे.

खरं काय ते तुम्ही सांगितलंत मी ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा. माझा व्हिसाचा फोटो तुम्हीच काढत होतात. दिवे लावलेत, काळ्या कापडाआड गेलात आणि तिथूनच बोलायला लागलात, तोंड न दाखवता. साताऱ्याला शहिदांच्या बायकांना शिलाई मशीन वाटल्या होत्या. सभेनंतर एक कोवळी बाई आपली मशीन हातगाडीवर ठेवून बसली होती आणि हसत होती. तुम्ही फोटो काढलात. एका मासिकाने तो छापला, खाली तिच्या गावाचं नाव, आणि ओळ अशी, की धनी सीमेवर पडला तरी वीरपत्नी हसते आहे. तुम्हाला ती ओळ आधी दाखवलीही नव्हती. पंधरवड्याने तिचा सासरा मासिक घेऊन स्टुडिओत आला. "तुमच्या ह्या चित्रापायी आमच्या घराची अब्रू गेली. दिली तिला हाकलून, तान्ह्या पोरासकट." तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी गेलात. दार कुणी उघडलं नाही. "एका बाईचं घर मोडलं मी, सहज, बोटाने," असं म्हणालात आणि लगेच, "सरळ बघ. हनुवटी वर." त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात. मी इथून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तो काळ्या कापडाआडचा आवाज मग माझ्याबरोबर राहिला.

आता इथलं सांगते. मी राहते त्या पॅरामॅटाच्या लायब्ररीत, मेलबर्नपासून विमानाच्या अंतरावर, एक प्रदर्शन भरलं. ज्याच्या त्याच्या देशात लढाई संपल्यावर रस्त्यावर काढलेले फोटो, इथल्या कुटुंबांनी आणलेले. एका ग्रीक आजींनी भावाने काढलेली पावाची रांग आणली. माझ्याच ऑफिसातल्या एका व्हिएतनामी मित्राने काकाने काढलेले सायकलवाले आणले. तोच मला म्हणाला, "ब्रिंग युअर डॅड्स स्टफ, मेट." मी रॉकेलचे डबे दिले, काळा कागद दिला, जवान दिला. लायब्ररीतली बाई स्कॅन पुढेमागे करता करता थांबली. "हू इज शी?" साताऱ्याची ती बाई. मी म्हटलं, नाव माहीत नाही. तिने विचारलं, "हिला मधोमध लावू?" बाबा, माझ्या तोंडातून ‘नाही’ निघेना. पन्नास वर्षं तो चेहरा डब्यात कोंडलेला होता आणि इतका जिवंत चेहरा त्या अख्ख्या भिंतीवर दुसरा नव्हता. मी हो म्हटलं.

उद्घाटनाला शेजारच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातली आपली बरीच मराठी मंडळी आली. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून मराठी ग्रुपवर टाकले, तिथून ते मेलबर्नच्या ग्रुपवर गेले. चार दिवसांनी ऑफिसात फोन वाजला, एका तरुण मुलाचा. "आंटी, सॉरी टू बॉदर यू. तो मशीनवाला फोटो आहे ना? आय रेकन ती माझी आजी आहे." मी त्याला विचारलं, "आजी आहेत?" तो म्हणाला, "हो हो, इथेच आलीये सहा महिन्यांसाठी. तिला तुमच्याशी बोलायचंय, पण फोनवर नको म्हणते. समोर ये म्हणते." समोर ये. मी तिकीट काढलं आणि मेलबर्नच्या विमानात बसले. तुमच्या वतीने माफी कशी मागायची त्याची वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

ट्रुगानिनात सगळी घरं नवी, एकासारखी एक, झाडं अजून काठीएवढी. बाईंनी स्वतः दार उघडलं. पांढरे केस, नऊवारी, पायात नातवाचे मोजे. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "फोटोवाल्याची लेक व्हय तू? बाप कुठाय तुझा?" मी म्हटलं, गेले, फार वर्षं झाली. "आरारा," म्हणाल्या आणि माझा हात धरून सोफ्यावर बसवलं. मी माफीचं वाक्य काढलं. "आजी, बाबांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्या फोटोमुळे तुम्हाला घराबाहेर..."

"काढलं की," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. काढलं. वरीसभर शिव्या घातल्या मी तुझ्या बापाला. आईनं सुद्धा दारात घेतलं न्हाई, कराडला मामाकडं ऱ्हायले. पर आगं, ऐक तर. सासऱ्यानं धाकल्या दिरासंगं माझी गाठ मारायची ठरवली हुती. मला इचारलं बी न्हवतं. त्यो दारुडा, हात उगारायचा. मी रोज म्हणायची, देवा, कायतरी कर. आन् त्यो फोटो आला. दीर म्हणाला, असली दात काढणारी बायको मला नगं." इथे त्या थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "सुटले की गं मी! पोरगं काखंत आन् मशीन डोक्यावर. कराडला शिवणाचा क्लास काढला. निम्म्या कराडच्या पोरींची लगनाची पोलकी मी शिवली."

 नातू मध्येच म्हणाला, "आजी, टेल हर अबाउट द फोटो." तेव्हा कळलं. बाबा, त्यांनी तो फोटो कधी पाहिलाच नव्हता. सासऱ्याने मासिक चुलीत घातलं होतं. ज्या फोटोसाठी घर गेलं तो त्यांनी पहिल्यांदा पाहिला आत्ता, नातवाच्या मोबाइलवर. "मला वाटायचं कायतरी वंगाळ आसंल त्यात," त्या म्हणाल्या. "बघितला तर एवढंच? पोर हसतीया. आन् दात बघ की कसलं मोत्यावानी हुतं माझं." मी मोठा प्रिंट नेला होता, गुंडाळून. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि कितीतरी वेळ चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग डोळे पुसले, तेही रागावल्यासारखं, खसकन.

मी विचारलं, "आजी, हसत कशाला होता?" "तुला सांगितलं न्हाई बापानं?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आगं, मागं मागं सरकत हुता कॅमेरा डोळ्याला लावून. गेला की केळीवाल्याच्या गाडीवर! केळी सगळी रस्त्यात, ह्यो त्यात बसलेला, आन् तसाच बसून बटन दाबतोय. सकाळपासनं साहेबांची भाषणं ऐकून आमी समद्या रडत हुतो. मी हसले आन् मग समद्याच हसल्या. लढाईनंतर पयल्यांदा."

तुम्ही हे सांगितलं नव्हतंत. फोटो खालून वर बघत काढलेला आहे हे मी शेकडो वेळा पाहिलं आणि त्याला तुमची कला समजत आले. तुम्ही केळ्यांत बसला होतात. तिशीचे, सडपातळ, विजार खराब झालेली.

मी लगेच निघणार होते, पण त्यांनी रात्रीच्या विमानापर्यंत थांबवून जेवल्याशिवाय सोडलंच नाही. नातवाने प्रिंट टीव्हीच्या वरच्या भिंतीला धरून बघितला. नातसून म्हणाली, फ्रेम काळी नको, लाकडी घेऊ. आजींना उंची पसंत पडेना, "आनखी जरा खाली, मला बघता आलं पायजे." आईला मी तिथूनच फोन केला. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे उगाच झुरला गं माणूस," आणि पुढे, "त्या विजारीचे डाग मी घासघासून काढले होते. मला म्हणाले होते, बसमध्ये कुणाचातरी डबा सांडला."

आता दुपार आहे. कपडे बाहेर वाळतायत.  हे पत्र टाकायला कुठला पत्ता नाही, टेबलावरच राहील. एकच कबूल करते. एअरपोर्टवर उतरल्यावर मी फोन काढला आणि तुमच्या स्टुडिओचा नंबर दाबला. सहाच आकडी, तेव्हाचा. तो कुठेच लागणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी फोन कानाला लावून थोडा वेळ उभी राहिले, तुम्ही दुकानाचं शटर ओढत असाल आणि आता धावत येऊन उचलाल, अशी.