शिल्लक एकेचाळीस पॉइंट

सोमवार, ३ मार्च २०२५. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.
कंपनीतली पहिली शिफ्ट करून खोलीवर आलो. अंघोळ झाली. आता लॅपटॉपसमोर बसून पॉइंट वाटतो आहे – म्हणजे वाटत नाही आहे! माझा तिरंदाज अठ्ठावन्नाव्या पातळीवर पोहोचला. ताकद २२, चपळाई ३१, नजर ४०. शिल्लक ४१. या गेममध्ये एकदा दिलेला पॉइंट परत घेता येत नाही. म्हणून आधी वहीत आकडेमोड. नजर ८० केली तर बाण चिलखताच्या फटीत बसतो. पण ताकद २२च राहिली तर जड धनुष्य पेलत नाही. हे जुळवताना दीड-दीड तास जातो. डोकं एकदम शांत होतं.

तौफिक मागून बघत होता. माझा खोलीतला जोडीदार, लातूरकडचा, गॅरेजात काम करतो. सध्या रोजे आहेत म्हणून लवकर सुटतो, आणि मग संध्याकाळपर्यंत त्याचा वेळ जात नाही.

"राव, ह्याला लढाईला पाठवतो का लग्नाला? दोन महिने झाले, नुसता नटवतोयस!"

शेवटचा राक्षस किल्ल्यात बसून आहे. मी दार उघडलेलं नाही.

गुरुवार, ६ मार्च.
लढाई नाही. शिल्लक ४१.

मंगळवार, ११ मार्च.
जेवणाच्या सुट्टीत स्किल मॅट्रिक्सच्या बोर्डापुढे उभा होतो. लाइनवरच्या प्रत्येकाचं नाव, पुढे प्रत्येक कामाचं एक वर्तुळ. जेवढं येतं तेवढं काळं – पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. माझी सहा वर्तुळं, सहाही पाऊण. पूर्ण एकही नाही. नाव 'निरजंन' लिहिलं आहे. अनुस्वार चुकीच्या अक्षरावर! दीड वर्ष झालं, सांगायचं राहून जातं.

लाइन लीडर कोंडीरामदादा मागून आले. कंपनी ज्या निघोजे गावात आहे, तिथलेच आहेत ते.

"फायनल इन्स्पेक्शनच्या परीक्षेला नाव टाकू का तुजं? त्ये एक वर्तुळ भरलं की कंपनीच्या रोलवर जायची वाट मोकळी. ठेकेदाराकडं किती दिस काढणार?"

मी म्हणालो, जूनला देतो दादा. थोडी तयारी राहिली आहे.

"डिसेंबरातबी ह्येच म्हनला व्हतास."

खरं आहे. सप्टेंबरातही.

परीक्षेला शंभर पीसमध्ये पाच खराब मिसळून ठेवतात. पाचच्या पाच पकडायचे, आणि चांगला एकही बाद करायचा नाही. फायनलला ड्यूटी लागली की खराब पीस मला नेहमी सापडतात. पण परीक्षेत दोन साहेब घड्याळ लावून उभे असतात. बारावीच्या पहिल्याच पेपरला मी शाळेच्या फाटकातून परत फिरलो होतो. इथे कोणालाही माहीत नाही.

गुरुवार, १३ मार्च.
गेम का सुटत नाही याचा विचार केला. तिथे साधा कोल्हा मारला तरी आकडा वाढतो, आणि वाढलेला कमी होत नाही. केलेलं वाया जात नाही. तौफिकला हे सांगितलं. वाटलं होतं, हसेल. हसला नाही.

"बरोबर आहे भावा. पण मेलास तरी परत तिथूनच सुरू होतं ना? मग दार उघडायला काय घाबरतोस?"



मंगळवार, १८ मार्च.
नवा बोर्ड लागला. माझी दोन वर्तुळं पाऊणची अर्धी झाली!! प्रेसवर आणि पॅकिंगला सहा महिने उभा राहिलो नाही म्हणून. दादांना विचारलं.

"सवय सुटली की पाव पुसायचा, नियमच हाय. फायनलला तरी जानेवारीपासनं कुटं हायेस तू? जुलैला तिथलाबी पाव जाईल बघ."

मी जपून ठेवत होतो, आणि ते इकडे पुसलं जात होतं. चहाच्या वेळी परत गेलो. म्हणालो, नाव टाका. दादांनी खिशातून पेन काढून तिथल्या तिथे यादीत नाव लिहिलं. मी पळून जाईन असं त्यांना वाटलं असणार. बरोबरच वाटलं.

शुक्रवार, २८ मार्च.
परीक्षा उद्या सकाळी दहाला. तौफिकने रोजा सोडताना दोन खजूर माझ्यासाठी बाजूला काढले. "खिशात ठेव. रोजा माझा असला तरी उद्या उपाशी तूच जाणार आहेस."

गेम उघडला नाही.

शनिवार, २९ मार्च.
नापास. पाचही पकडले! आणि एक चांगला पीसही बाद केला. तीनदा उलटून पाहिला होता, काही नव्हतं, तरी टाकला. दादा म्हणाले, "येक जास्तीचा धरलास की रं!" आणि हसले. जूनच्या यादीत नाव मी स्वतः लिहून आलो.

खोलीवर येऊन सगळे पॉइंट वाटून टाकले, वही न उघडता. किल्ल्याचं दार उघडलं. राक्षसाने चाळीस सेकंदांत मारलं. तौफिक टाळ्या वाजवत होता. परत आत गेलो.

खर्च ४१. शिल्लक ०.