पाहुण्याचा खडक

प्रिय पाहुण्या,

अक्षर ओळखलं नसशील. ओळखलं असशील तर आधी खुर्चीत नीट बस, दचकू नकोस. जुनं उकरून काढायला मी हे पत्र लिहीत नाही. तुझ्याकडे एक मागणं मात्र आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. येत्या रविवारी तुझ्या संसाराला विनाकारण तडा जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मागणं शेवटी सांगते. आधी गावाची खबरबात ऐक, कारण ती ऐकल्याशिवाय माझं म्हणणं तुला पटायचं नाही. शिवाय सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय?

पहिली बातमी म्हणजे मी आता वाटाडी झालेय. बेट बघायला येणाऱ्यांना गाव फिरवून दाखवते. हसू नकोस. आमचं गाव बघायला लोक बोटीत बसून येतील असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. आहे काय इथे? एक धक्का, एक रस्ता, मिठाचं जुनं कोठार, टेकडीवरचा टेहळणीचा बुरूज आणि मागच्या कड्यावर तुझे पक्षी. पण येतात बाबा, बोट भरभरून येतात. सुरुवातीला कुणी साहेब येऊन जागोजागी माहितीच्या पाट्या लावून गेले होते. पहिल्याच वादळात निम्म्या उडाल्या, उरलेल्यांवर आमच्या लोकांनी जाळी वाळत घातली. मग मी म्हटलं, पाट्या कशाला, जितीजागती माणसं आहेत की! तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. मी नुसती पुढे चालते आणि दारं वाजवते. जिथली गोष्ट तिथल्याच माणसाने सांगायची, त्याला वाटेल तशी सांगायची, आणि मी मध्ये तोंड घालायचं नाही.

कोठाराची गोष्ट सुतारमामा सांगतात, कारण त्यांची आजी तिथे मिठाच्या गोण्या शिवायची. दुपारी ती गोण्यांवरच आडवी व्हायची आणि उठली की तिच्या पाठीवर गोणपाटाची पांढरी नक्षी उमटलेली असायची. मोठमोठी जहाजं याच मिठासाठी इथे थांबत, हे मामा शेवटी जाता जाता सांगतात. आधी आजीची पाठ. बुरुजाची गोष्ट दिवेवाल्या आजोबांकडे. त्यांच्या गोष्टीतले समुद्री चाचे दर वर्षी वाढत चाललेत. मी टोकत नाही, फक्त खाली उतरताना पाहुण्यांना हळूच सांगते, निम्मे धरा. घरांची दारं अशी निळी, हिरवी, लाल का, असं सगळेच विचारतात. त्याचं उत्तर चहावाली मावशी देते: होडी रंगवून जो रंग उरतो तो दाराला. माणूस दर्यावर असला की बायको दाराकडे बघते आणि तिला तेवढाच धीर येतो.

तुझे पक्षी मजेत आहेत. मधली काही वर्षं फार कमी झाले होते. मग गावाने बैठक घेऊन कड्यावरची अंडी काढणं बंद केलं. कुरकुर झाली, भांडणं झाली, पण बंद केलं ते केलंच. आता पुन्हा इतकी गर्दी आहे की एकाला बसायचं तर दुसऱ्याला ढकलावं लागतं. पाहुणे आधी कॅमेरा काढतात आणि वारा फिरला की नाक धरतात. मी त्यांना सांगते, आमच्या शाळेत उतरलेला एक पोरगेला पाहुणा अख्खा उन्हाळा हा वास घेत इथे पक्षी मोजत बसला होता. पुढचं विचारूच नका, पुढचं तुम्हाला आमचा बोटवाला सांगेल.

हो, तुझी गोष्ट आहे आमच्या फेरीत. नुसती आहे असं नाही, लोक तीच ऐकायला येतात! कड्यामागचा तो सपाट खडक आठवतो ना? ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं तो. तिथून घरटी नीट दिसतात म्हणून तू रोज तिथे बसायचास आणि मी तुझा डबा घेऊन यायचे. त्या दिवशी आपण बोलत बसलो. काय बोलत होतो देव जाणे, पण जगात त्याहून महत्त्वाचं काही नव्हतं. तुला भरतीचं भान नव्हतं हे समजण्यासारखं आहे, तू शहरातला. पण मी? पाळण्यात असल्यापासून भरती-ओहोटी ऐकत वाढलेली मुलगी, आणि वाट बुडाली, खडकाला चहूबाजूंनी पाणी लागलं, तरी माझं लक्ष नाही. या बेटावर जन्मून भरती विसरलेली मी पहिली आणि शेवटची. संध्याकाळ होईतो अख्खा गाव किनाऱ्यावर जमला. आई कपाळाला हात लावून उभी होती. कुणी हसत होतं, कुणी शिव्या घालत होतं. शेवटी एका तरुण नावाड्याने लाटांतून होडी खडकाला आणून लावली, आपल्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “बोलून झालं असेल तर चढा.”

तेव्हापासून त्या जागेचं नाव पाहुण्याचा खडक. गावात आजही कुणी फार वेळ गप्पा मारत बसलं की लोक म्हणतात, बोलून झालं असेल तर चढा. तू मात्र आईवडिलांना घेऊन येतो म्हणून गेलास तो गेलासच. मग निरोप आला की घरच्यांनी दुसरीकडे ठरवलंय. मला वाईट वाटलं रे, फार वाईट वाटलं. धक्क्यावर बोट लागली की मी खिडकी लावून घ्यायचे. पण गावाने मला एका शब्दाने दुखवलं नाही, आणि त्या नावाड्याने तर नाहीच नाही. पुढे एकदा त्याने मला धक्क्यावर गाठलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “बोलायला कुणी हवं असेल तर माझ्या होडीत जागा आहे.” मी चढले, ती आजतागायत उतरलेली नाही. आता त्याच्याकडे इंजिनाची मोठी बोट आहे, पाहुण्यांना तोच आणतो. आणि खडकाची गोष्ट तोच सांगतो, तिखटमीठ लावून, दर फेरीला, माझ्यादेखत. आमची मुलगी ती ऐकत मोठी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ पहिल्या दिवसापासून उघडी होती, आणि मी सांगते, तिच्यामुळे मी सुखात राहिले.

आता बातम्यांतली शेवटची बातमी. गेल्या आठवड्यात तुझ्या बायकोचा मला फोन आला. तिला मी कोण ते माहीत नाही. तिला फक्त बेट दाखवणारी बाई हवी होती. दोन जागा हव्यात म्हणाली. गोड बाई आहे, बोलकी. पहिल्या पाच मिनिटांतच तिने मला ताई करून टाकलं. म्हणाली, “आमचे हे या महिन्यात पाणीपुरवठ्यातून निवृत्त होतायत. त्यांना काहीतरी वेगळं दाखवायचंय, पण त्यांना कळू द्यायचं नाही.” मग हसत म्हणाली, “ऐका गंमत! जन्मभर पाणीपुरवठ्यात नोकरी केली आणि माणसाला पाण्याची भीती. लग्न झाल्यापासून एकदाही बोटीत बसले नाहीत. मी समुद्र म्हटलं की हे डोंगर म्हणतात. पक्ष्यांचं मात्र भारी वेड, शिकत असताना कुठल्याशा तळ्यावर मोजायचे म्हणे.” तुझं नाव तिने त्यानंतर सांगितलं, पण पक्षी मोजणारा आणि समुद्र टाळणारा म्हटल्यावर, आमच्या बेटाचं तू तळं केलंस हे मला तेव्हाच कळलं होतं. “ताई, हात धरून नेईन मी त्यांना,” म्हणाली. “त्यांची भीती एकदा घालवायचीच आहे मला.” तुझ्या ऑफिसचा पत्ता मी इकडच्या तिकडच्या गप्पांत काढून घेतला.

म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी ती तुला धक्क्यावर आणेल, आणि तुझ्या भीतीसाठी तुझा हात घट्ट धरून बोटीत चढेल. माझा नवरा तुला बघताक्षणी ओळखेल. तुझे कान तसेच असतील तर चहावाली मावशीसुद्धा ओळखेल. मी सांगितलं तर अख्खा गाव एक दिवस तोंडाला कुलूप लावेल, माझा शब्द इथे कुणी मोडत नाही. पण मी सांगणार नाही. तुझ्यावरच्या रागाने नाही, राग केव्हाच गेला. जिने इतकी वर्षं तुझी भीती खरी मानून समुद्र बघायचा सोडला, तिला आणखी एकदा फसवायला मी हातभार लावणार नाही. खडकावर जे घडलं त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं; ते लपवलंस तेवढंच काय ते चुकलं. तेव्हा शनिवारपर्यंत तिला सगळं सांग, आणि तुझ्याच तोंडाने सांग. तिने बेत ठरवलाय हे तुला कळलं म्हणून ती थोडी रुसेल, रुसू दे. आणि सांगून झाल्यावर नक्की या, दोघंही या. फक्त बोटीत बसल्यावर सांगतो म्हणशील तर वेळ मिळायचा नाही. दोर सुटला की माझा नवरा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो.

आता तुझी कुणीच नसलेली, पण तुम्हा दोघांची धक्क्यावर वाट बघणारी,
बोटवाल्याची बायको